रोहतांग राहू दे, पण तू घरी बसू नकोस

ताई, आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. ह्यांनी आणि ह्यांच्या दोन मित्रांनी मे महिन्यात मनालीचं ठरवलंय, दिल्लीपर्यंत विमान, तिथून रात्रीची व्हॉल्वो, मग सोलंग, रोहतांग, कसोल आणि परत, सगळं सहा दिवसांत. बुकिंग अजून व्हायचंय. एका मित्राची मुलं मोठी आहेत, दुसऱ्याला अजून मूल नाही. मुलीला गाडी लागते, पचमढीच्या घाटात तिने उलट्या करून सगळ्यांचे हाल केले होते. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला डोंगरावर नेऊ नका, तू बाळाला घेऊन घरी रहा, मोठीला तिचे बाबा नेतील. हे म्हणतात लोक सहा महिन्यांची पोरं घेऊन लडाखला जातात, तू उगाच टेन्शन घेतेस. मी नको म्हटलं तर सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालणारी मीच. पण खरं सांगू का, मलाही जायचंय. बाळ झाल्यापासून मी कुठे म्हणून गेलेली नाहीये. आणि सासूबाईंनाही सोबत न्यावं का? त्या तोंडाने बोलत नाहीत पण त्यांनाही यायचंय असं वाटतं. काय करू?
— दोन पिल्लांची आई

अगं पिल्लांच्या आई, आधी उत्तर सांगते मग बाकीचं बोलू. जा. चौघं मिळून जा. फक्त प्लॅन आहे तसा नको, आणि बुकिंग करायच्या आधी घरात एक गोष्ट ठरवून घे, ती कुठली ते पुढे सांगतेच.

उंचीचं आधी बघू, कारण सासूबाई आणि नवरा दोघांचं भांडण त्यावरच चाललंय आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आपलं इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर. मनाली दोन हजारच्या थोडं वर. एवढ्या उंचीवर निरोगी चौदा महिन्यांच्या बाळाला सहसा काही होत नाही, तिथे लोकांची घरं आहेत, बाळं तिथेच जन्मतात वाढतात, त्यामुळे "डोंगरावर नेऊच नका" हे सासूबाईंचं म्हणणं मनालीपुरतं तरी जास्त होतंय. त्रास सुरू होण्याची शक्यता धरतात ती अडीच हजार मीटरच्या वर. आणि रोहतांग आहे 3978 मीटरवर! म्हणजे सकाळी मनालीतून निघायचं आणि काही तासांत जवळजवळ दोन हजार मीटर वर चढायचं, तिथे दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या मानाने साठ-बासष्ट टक्के. मोठ्या माणसाचं डोकं दुखलं तर तो सांगतो तरी. चौदा महिन्यांचं बाळ काय सांगणार? ते किरकिर करणार, दूध नाकारणार, उलटी करणार, खेळणं सोडून देणार, आणि गाडीतले सगळे म्हणणार झोप आली असेल, दात येत असतील. खरा धोका तिथे आहे बघ, की लहान बाळाचा उंचीचा त्रास आणि रोजची किरकिर दिसायला एकसारखीच दिसते. म्हणून नियम साधा ठेवायचा, उंचीवर गेल्यावर बाळ बिनसलं तर कारण शोधत बसायचं नाही, उंचीचाच त्रास आहे असं धरून खाली उतरायचं. त्यावरचा खरा उपाय खाली उतरणं हाच आहे. रस्त्यावर ते ऑक्सिजनचे छोटे डबे विकतात ना, त्याने चार मिनिटं बरं वाटतं, त्याच्या भरवशावर वर थांबू नका.

आणि ह्यांच्या त्या लडाखवाल्या लोकांचं म्हणशील तर लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, विमानाने थेट तिथे उतरलं की शरीराला हळूहळू सवय व्हायला वेळच मिळत नाही. फोटो टाकतात ते पँगाँग तलावाचे टाकतात, हॉटेलात रात्रभर रडणाऱ्या बाळाचा फोटो कोणी टाकत नाही. नेतात लोक, खरंय. पण दुसऱ्याच्या पोराला झेपलं म्हणून आपल्याला झेपेल हा हिशोब लहान मुलांच्या बाबतीत लागत नाही.

तर रोहतांग बाळासाठी कटच. सोलंगपर्यंत जा, ते अडीच हजारच्या आसपास आहे, मोकळं मैदान आहे, मोठी तिथे भरपूर पळेल. बर्फाचा फारच हट्ट असला तर अटल टनेल आहे, नऊ किलोमीटरचा बोगदा, 2020 मध्ये सुरू झाला, त्यातून पलीकडे लाहौलात निघता येतं, उंची साधारण तीन हजार शंभर मीटर. तीही कमी नाहीच, म्हणून मनालीत निदान दोन रात्री काढल्यावर, सर्दी-खोकला काही नसेल तर, तासाभरासाठी जायचं आणि मुक्कामाला खाली मनालीत परत यायचं. तिकडे मुक्काम नको. मुलांचा रोहतांगचा दिवस बऱ्याचदा जातो कसा माहितीये, पहाटे पाचला झोपेतून उचलायचं, रस्त्यातल्या दुकानातून भाड्याचे ते जाड कोट आणि गमबूट चढवायचे, मग ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास गाडी जागची हलत नाही, डायपर बदलायला जागा नाही, आणि वर पोचल्यावर पोर वीस मिनिटांत गारठून रडायला लागतं. एवढं कशासाठी करायचं?

जायच्या आधी एकदा बालरोगतज्ज्ञांना भेटून घ्या हे सांगायला नकोच, पण नुसतं "जाऊ का" असं विचारू नकोस, नेमकं विचार. बाळाला मागच्या महिन्यात छातीत कफ झाला होता का, कधी न्यूमोनिया, दमा, हृदयाचं काही, कान दुखायची सवय, हे सगळं सांग आणि कुठल्या उंचीवर किती दिवस राहणार तो आकडा सांग. तापाच्या औषधाचा डोस दोघांच्या वजनाप्रमाणे कागदावर लिहून घे, त्याचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेव. उंचीसाठी म्हणून कोणी ग्रुपवर गोळी सुचवली तर ती मुलांना परस्पर द्यायची नाही.

आता मोठीचं. तिचं मला बाळापेक्षा जास्त वाटतंय, कारण बाळ दोन वर्षांच्या आतलं आहे, त्या वयात गाडी सहसा लागत नाही, पण दोन ते बारा हे वय म्हणजे गाडी लागण्याचंच. डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र सांगतो की आपण गरागरा वळतोय, दोन्हीचा मेळ बसत नाही आणि पोटात ढवळतं. ती मुद्दाम करत नाही, नाटक करत नाही, हे तिच्या बाबांनाही नीट सांग. तिच्या हातात मोबाईल देऊन शांत बसवायचं हा सगळ्यात वाईट उपाय, मान खाली गेली की दहा मिनिटांत उलटी. तिला काचेतून लांबचा डोंगर दिसला पाहिजे, डोळे बाहेर हवेत, खिडकी थोडी उघडी. निघायच्या दिवशी सकाळी पोहे-जलेबी नको, वरून शेव तर नकोच, पण उपाशीही नेऊ नकोस, रिकाम्या पोटीही मळमळतं. कोरडे परमल म्हणजे कुरमुरे, साधं बिस्किट, दशमीचा तुकडा असं थोडं थोडं दर अर्ध्या-पाऊण तासाने. डॉक्टरांना आधी विचारून उलटीचं औषध घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी देता येतं, उलटी झाल्यावर देऊन काय उपयोग, ते तसंच बाहेर येतं. आणि ड्रायव्हरला गाडीत बसतानाच सांगायचं की भैया धीरे चलना, बच्ची को उल्टी होती है. गाडीत उलटी झाली की धुवायचं त्यालाच असतं, तो बरोबर हळू चालवतो.

यासाठीच मला ती रात्रीची व्हॉल्वो अजिबात पटत नाहीये. दिल्ली ते मनाली पाचशेच्या वर किलोमीटर, बारा-चौदा तास, डोंगर सुरू होतो तो मध्यरात्रीनंतर, ऐन झोपेत. बस तुझ्यासाठी थांबणार नाही. एक मांडीवर झोपलेलं, दुसरी पिशवीत तोंड घालून बसलेली, अंधार, एसीचा गारठा, आणि तू. त्यापेक्षा दिल्लीहून ट्रेनने चंदीगड, तिथे रात्री झोप, सकाळी टॅक्सी, पाहिजे तिथे थांबत. दिवस जातो, पैसे थोडे जास्त जातात, पण पोचल्यावर दुसरा दिवस निजून काढावा लागत नाही.

अजून एक सुचवू? ग्रुप ऐकत असेल तर मनालीच बदला. दिल्लीहून शताब्दीने कालका, चारेक तास, आणि तिथून शिमल्याची छोटी गाडी. 1903 पासून चालते ती, 96 किलोमीटरचा मार्ग, शंभरावर बोगदे, युनेस्कोच्या यादीत आहे. पाच वर्षांच्या मुलीला बोगदे मोजायला लावले की प्रवास हीच ट्रिप होते, गाडी इतकी सावकाश जाते की मोटारीसारखी वळणं पोटात बसत नाहीत, आणि बाळाला घेऊन उठून उभं राहता येतं. शिमल्याला मे मध्ये मुंगीला शिरायला जागा नसते म्हणून मी तर म्हणेन धरमपूर स्टेशनला उतरून कसौलीला जा, उंची दोन हजारच्या आतच, छोटं गाव, पाइनची झाडं, संध्याकाळी गार वारा, बघायला "पॉइंट" कमी आहेत हाच त्याचा फायदा. तिकिटं मात्र सुट्ट्यांत लवकर संपतात, आजच बघा.

कुठेही जा, हॉटेल एकच. सहा दिवसांत तीन मुक्काम म्हणजे तीनदा बॅगा भरणं, आणि त्या कोण भरतं ते तुला माहितीये. मनालीच ठरलं तर प्लॅनमधलं कसोल सोडून द्या. बाळाची दुपारची झोप मोडायची नाही, सकाळी नाश्ता करून बाहेर, एकच जागा, एकपर्यंत खोलीवर परत, तो झोपला की चार-साडेचारला पुन्हा एक चक्कर. मोठीला पण ओढ्यात दगड टाकायला एक तास मिळाला तर ती जगातली सगळी मंदिरं आणि म्युझियम विसरते. खोली बघताना तळमजल्याची किंवा बाल्कनीच्या गजांत फट नसलेली बघा, गिझरचं पाणी किती उकळतं येतं ते आधी स्वतःच्या हातावर बघा. आणि थंडी वाजते म्हणून कोणी कोळशाची शेगडी खोलीत आणून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणायचं, बंद खोलीत तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने माणसं झोपेतच दगावतात, त्याला वाससुद्धा नसतो. जास्तीचं पांघरूण मागून घ्या.

कपड्यांचं फार नाही सांगत, एका जाड जॅकेटपेक्षा पातळ पातळ तीन थर बरे, म्हणजे ऊन आलं की एक काढता येतो. लोक बाळाला इतकं गुंडाळतात की आत घाम येतो आणि मग त्या ओल्या कपड्यातच ते गारठतं. ऊन मात्र तिथे जास्त टोचतं, हवा थंड म्हणून कळत नाही, दोघांना टोपी आणि सनस्क्रीन.

खाण्याचं सांगते कारण डोंगरावर उंचीपेक्षा पोट बिघडूनच जास्त मुलं आजारी पडतात. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, बाळाची बाटली आणि वाटी-चमचा धुवायलाही तेच. मुगाची डाळ आणि तांदूळ भाजून भरडून ने, जोडीला मेतकूट आणि तुपाची छोटी डबी. पण हॉटेलातल्या किटलीत खिचडी शिजवायला जाऊ नकोस, दोन हजार मीटरवर पाणी त्र्याण्णव-चौऱ्याण्णव अंशालाच उकळतं, तांदूळ कच्चाच राहतो, बाळाचं पोट दुखतं आणि आपल्याला वाटतं डोंगरी पाणी बाधलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात भरड नेऊन दे, कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या म्हणून सांग, बाळासाठी म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. ओआरएसची पाकिटं ठेव, आणि पाकिटावर एक लिटर लिहिलंय तर अख्खं पाकीट मोजून एक लिटरमध्येच, अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही, प्रमाण चुकलं तर जुलाबात फायद्यापेक्षा त्रासच. जुलाब-उलट्यांत बाळाला सहा-आठ तास शू झाली नाही किंवा ते मलूल पडलं तर थेट दवाखाना. हां, आणि वापरलेले डायपर पिशवीत बांधून परत आणायचे, आपण इंदूरची माणसं, घरी ओला-सुका वेगळा करणारे, दरीत डायपर फेकलं तर लाज वाटली पाहिजे.

आता ती घरात ठरवायची गोष्ट. तुझं पत्र मी परत परत वाचलं, त्यात उंची आहे, उलटी आहे, सासूबाई आहेत, पण एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस आणि ती पत्रभर आहे, ती म्हणजे तिथे पोचल्यावर बाळ कोणाच्या कडेवर असणार. ग्रुपमध्ये एकाची मुलं मोठी, एकाला मूल नाही, म्हणजे ते सगळे रात्री गप्पा मारणार, सकाळी आठला तयार होऊन लॉबीत उभे, आणि तू खोलीत बाळाला भरवत, मोठीची वेणी घालत, "वहिनी चला ना उशीर होतोय" ऐकत. मग ती सुट्टी कसली, इंदूरचं घर उचलून मनालीला नेलं एवढंच. तुला भीती उंचीची आहे असं तू म्हणतेस, मला वाटतं अर्धी भीती ह्याची आहे, आणि ती अगदी रास्त आहे. टेन्शन घेतेस म्हणून ती झटकून टाकायची नाही.

म्हणून नवऱ्याशी बोल, आणि भांडणाच्या सुरात नको, रविवारी सकाळी तो निवांत चहा घेत असताना बोल. "तू मला मदत कर" असं म्हणू नकोस, मदत म्हटलं की काम तुझंच राहतं. सरळ कामं वाटून घ्या. रात्री बाळ उठलं तर एक रात्र तू, एक रात्र तो. सकाळी सहा ते नऊ बाळ बाबांकडे, रोज, त्याने बाळाला कॅरिअरमध्ये घालून बाहेर चक्कर मारून आणावी, मधून मधून बाळाचे पाय गार पडले नाहीत ना ते हाताने बघावं, तू तेवढ्यात झोप नाहीतर गरम पाण्याने शांतपणे आंघोळ कर. मित्रांना त्यानेच सांगायचं, तू नाही, की आम्ही तुमच्या वेळेने धावणार नाही, सोलंगला सोबत, रात्रीचं जेवण सोबत, बाकी तुम्ही तुमचं फिरा. चांगले मित्र असतील तर त्यांना काही वाटणार नाही. त्याला रोहतांगला जायचंच असेल तर जाऊ दे ना मित्रांबरोबर, एक दिवस, तू मुलांना घेऊन नदीकाठी बस. पण मग दुसरा अख्खा दिवस दोन्ही मुलं त्याच्याकडे आणि तू एकटी मॉल रोडवर फीर, हिडिंबेच्या देवळात जा, नाहीतर काहीच करू नकोस. हे आधी ठरलेलं असेल तरच बुकिंग करा. तिथे गेल्यावर ठरवू म्हटलं की ते ठरत नाही.

तू बाळाला घेऊन घरी रहावंस आणि मोठी बाबांबरोबर जावी, हे सासूबाईंनी काळजीपोटीच सुचवलं असणार, त्यांच्या वेळी लहान पोर घेऊन बाई कुठे निघतच नसे. पण तू ते मान्य करू नकोस. मोठीला पण कळतं, आपण गेलो आणि आई नाही आली. त्यांना असं सांग, आई, तुम्ही म्हणालात म्हणून रोहतांग रद्द केलं, रात्रीची बस रद्द केली. त्यांचं म्हणणं खरंच मानलं गेलंय हे त्यांना दिसलं की अर्धा विरोध तिथेच गळतो.

आणि त्यांना न्यायचं का? मला वाटतं न्यावं, पण मुलं सांभाळायला म्हणून नाही. त्यांचे गुडघे, बीपी, शुगर जे असेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून, आणि त्यांच्यासाठी वेगळी खोली घेऊन. शेजारचीच घ्या, म्हणजे दुपारी बाळ झोपलेलं असताना त्या तासभर बसल्या तर तुम्ही दोघं बाहेर चहा पिऊन येऊ शकता, पण ते त्यांनी आपणहून म्हटलं तर. त्या मनातलं बोलत नाहीत असं तू लिहिलंयस, मग तूच विचार, नवऱ्याकरवी नको. कसौलीचं ठरलं तर छोट्या गाडीचं तिकीट दाखवून विचार, त्यांनाही घाटातल्या मोटारीपेक्षा ती गाडी सोसेल. आणि तिकिटं एकत्र काढा, त्यांची खिडकीजवळची.